मी चौकोनी टोपल्या सांगितल्या होत्या

माझ्या आईनं आणि टोपल्या विणणाऱ्या यमुनाबाईनं मिळून मला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट उलटी सांगितली जाते. तिथं आई बिचारी असते, यमुनाबाई भोळी असते आणि मी असते ‘ती प्लास्टिकवाली’.

प्लास्टिकवाली मी आहेच. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सायकलच्या कॅरिअरला बादल्या बांधून मी खेडोपाडी विकल्या. आज वर्ध्यात माझं दुकान आहे आणि आठवडी बाजारांना माझा स्वतःचा टेम्पो जातो. मला सौद्यात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. (आई माझ्या आधीच जन्माला आली होती, ही बारीकशी बाब नजरेतून सुटली!)

आई अल्लीपूरला एकटी राहत होती. वडील गेले, मी एकुलती एक. डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणून तिला आमच्या सावंगीच्या फ्लॅटवर आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसराही डोळा तितकासा बरा नाही, आता एकटीनं चुलीपाशी बसणं बंद. म्हणजे आईनं यापुढे माझ्याकडेच राहायचं. हे डॉक्टरांना पटलं, मला पटलं, आमच्या ह्यांना पटलं. आईला सोडून सगळ्यांना पटलं.

“लेकीच्या घरी राहू नाई शोभे. पाहुणचार घ्यावा, तोंड धुवावं, निंघावं.”

“पण आता कुठं जातेस? डोळा...”

“डोळा का लेकीच्या घरी राह्यल्यानं फुटत नाई?”

ती येताना बोचकी घेऊन आली होती. जुन्या लुगड्यांत बांधलेली, गच्च गाठीची. एकात तुरीची डाळ, एकात सांडगे आणि कुरड्या, एकात लाल मिरच्या, एकात तिचे कपडे, आणि बाकीच्यांत काय होतं ते देव जाणे. हॉलमध्ये सोफ्यापाशी, दिवाणाखाली, देवघराला टेकून, जिकडे बघावं तिकडे बोचकी. फणी पाहिजे असली की आई अख्खं बोचकं सोडी, फणी काढी, केस विंचरी, फणी परत घाली आणि गाठ मारी. दात लावून मारी!

“अगं, सोडूनच ठेव ना ते.”

“बोचकं सोडलं का माणूस राह्यते.”

म्हणजे सगळा खटला त्या गाठींवर येऊन थांबला होता. गाठी सुटल्या तर आई राहील. नाही सुटल्या तर पट्टी निघाली की अल्लीपूरची एस.टी. अशात आमचे हे डाळीच्या बोचक्याला अडखळले, अंगठा सुजला, आणि आठवडाभर घरात एक पाय उचलून फिरले. जावयाला लागलं म्हणून आई रडली. पण बोचकं काही हललं नाही.

मी दुकानातून पाच खणांचं प्लास्टिकचं कपाट आणलं. घरच्यासाठी म्हणून माल उत्तम निवडला. आईनं एक खण ओढला, नाक आत घातलं आणि बाहेर काढलं.

“यात कांदा घामेजते. मिरची सादळते. अन् लुगडं नेसलं का मी रबराची बाई वाटीन.”

“मग कशात ठेवशील?”

“टोपलीत ठेवतेत माणसं.”

मी मोबाईलवर बघितलं. घर आवरण्याचे व्हिडिओ असतात. त्यात एक गोरी बाई फळीवर विणलेल्या टोपल्या ओळीनं मांडते. चौकोनी, झाकणवाल्या, एकमेकींना चिकटून, जणू शाळेची प्रार्थना चालली आहे. त्या घरात पसारा तर सोडाच, माणूससुद्धा दिसत नव्हता. मला ते फार आवडलं. असं घर बघून कोणाची गाठ सुटणार नाही?

पण टोपल्या कोण विणतं? यमुनाबाई! तळेगावच्या बाजारात माझ्या ताडपत्रीच्या पालासमोर बसणारी. मी बाजारात टब मांडायला लागले आणि तिची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, तेव्हापासून आमच्यात फक्त नजरेनं बोलणं होतं, आणि त्या बोलण्यात शिव्या जास्त होत्या. आई म्हणाली, “मी बी येतो टेम्पोत, हवा खाले.” मी नेलं.

यमुनाबाईनं मला येताना बघून हातातली बांबूची पट्टीसुद्धा खाली ठेवली नाही.

“काऊन वं प्लास्टिकवाली, रस्ता चुकली का?”

“टोपल्या पाहिजेत.”

“कोणाले?”

“मला. घरी.”

ती एवढ्या मोठ्यानं हसली की मिरचीवाल्यांनी मान वळवली. “आता पाह्य! अन् त्या तुह्या टबाइले काय झालं? बुडले का?”

मी गिळलं. (हे मला सहसा जमत नाही.) मी मोबाईलवरचं चित्र दाखवलं, चौकोनी, झाकणाच्या, अशा एवढ्या मापाच्या, असं हातवारे करून समजावलं आणि भाव विचारला. तिनं सांगितला. मी त्याचा अर्धा म्हटला. तिनं मला तिथून जायला सांगितलं. मी गेले. आता जाणं हा सौद्याचाच भाग असतो, हे ज्याला कळतं त्याला कळतं. हळूहळू जायचं, मागे बघायचं नाही, आणि हाकेची वाट बघायची.

हाक आली नाही. मी आपली लसणाच्या ढिगापाशी उगाच उभी राहिले. शेवटी स्वतःहून परत आले, तर आई यमुनाबाईच्या पोत्यावर मांडी घालून बसलेली, आणि दोघी जणी एकाच डबीतली सुपारी चघळत होत्या.

“ने बाई,” यमुनाबाई म्हणाली, “तुह्याच भावात. फुडच्या बाजाराले घेऊन जाजो.”

“झाकणासहित?”

“तू ने तं खरं.”

इथंच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. कण्हल्याशिवाय भाव सोडणारा दुकानदार मी आजवर बघितलेला नाही. मी स्वतः तर बादलीमागे अश्रू काढते. पण जिंकलेल्या माणसाला घंटा ऐकू येत नाही. घरी येईपर्यंत मी टेम्पोच्या ड्रायव्हरला हा सौदा दोनदा सांगितला.

पुढच्या बाजाराला आई पुन्हा निघाली. सोबत डाळीचं बोचकं. “टेम्पोत पाठीले टेकू पायजे,” म्हणाली. परत येताना टेकू नव्हता.

“बोचकं कुठं आहे?”

“सोडलं,” आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

सोडलं! पहिली गाठ सुटली! डाळ कुठं गेली हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्या आनंदात मी वाटेत टेम्पो थांबवून जिलबी घेतली, आणि भाव न करता घेतली.

घरी येऊन टोपल्यांवरचं कापड काढलं. सगळ्या गोल. खोल, गरगरीत, दोन्ही बाजूंना धरायला कड्या. झाकणाचं नाव नाही.

“मी चौकोनी सांगितल्या होत्या!”

“चौकोनी डोक्यावर बसत नाई,” आई म्हणाली.

“फळीवर ठेवायच्या आहेत! डोक्यावर कोण नेतंय?”

आई टोपली कड्यांना धरून उचलून बघत होती. ते मी नीट बघायला हवं होतं.

पण एक मान्य करते, त्या टोपल्यांनी घर आवरलं. गोल तर गोल! आईनं दोन दिवसांत उरलेली सगळी बोचकी सोडली. मिरच्या एका टोपलीत, सांडगे एकीत, तिची लुगडी एकीत. मग मलाही जोर चढला. औषधं एका टोपलीत, चार्जर एकीत, ह्यांचे मोजे एकीत, आणि घरातल्या, गाडीच्या, दुकानाच्या झाडून सगळ्या किल्ल्या एकीत. जास्तीच्या किल्ल्यासुद्धा त्यातच. म्हणजे शोधायला नको! हॉलची फरशी दिसायला लागली. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. ‘प्लास्टिकच्या घरात बांबू?’ असं चुलत नणंदेनं विचारलं. मी अंगठ्याचं चित्र टाकून सोडून दिलं. बोचक्याची रिकामी लुगडी आईनं घडी करून उशाशी ठेवली. ती तेवढी खुपत होती, पण म्हटलं, होईल हळूहळू.

एके दिवशी दुकानातून आले तर ह्यांचे मोजे दिवाणावर पसरलेले, आणि फळीवर एक जागा रिकामी. समोरच्या पडलेल्या दातासारखी.

“टोपली कुठं आहे?”

“समोरच्या डॉक्टर पोराले सांडगे धाडले. वानोळा.”

“आई, हे अल्लीपूर नाही. इथं कोणी कोणाला वानोळा देत नाही. आम्ही इतकी वर्षं राहतो, मला त्याचं नावही माहीत नाही.”

“अर्पित. मायले रोज फोन करते. पोटाचं दुखनं हाय मायले.”

दुसऱ्या दिवशी अर्पितनं टोपली परत आणली. घासून, पुसून, रिकामी! आई दाराशी उभी राहून त्या टोपलीत अशी बघत राहिली, जणू कोणी तिच्या तोंडावर दार लावलं.

“बेटा, खाली टोपली लौटाना नहीं. घर खाली होता है.”

“किसका घर, दादी?”

“दोनों का.”

पोरगं शहाणं. टोपली परत घेऊन गेलं आणि तासाभरानं आणली, तर आत संत्री आणि कंबरेला लावायच्या मलमाची नळी! आईचा चेहरा उजळला. मग आता त्याची संत्री घेतली तर त्याला काही द्यायला नको? मिरच्या गेल्या. मिरच्यांची टोपली रिकामी कशी येईल? वरच्या मजल्यावरच्या लिसी सिस्टरनं, ती केरळची, केळ्याचे वेफर्स भरून धाडले. खालच्या बोबडेकाकांकडून कढीपत्ता आला, मग शेवग्याच्या शेंगा, मग आणखी कढीपत्ता. टोपली भरून जाई, भरून येई. मध्ये थांबायची सोयच नव्हती. जो थांबेल त्याच्या घरी रिकामी टोपली!

आणि आलेलं ठेवायचं कशात? टोपल्या तर सगळ्या दौऱ्यावर. मी दुकानातून टब आणले. वेफर्सना डबा, शेंगांना ट्रे, संत्र्यांना बादली. हॉलची फरशी पुन्हा दिसेनाशी झाली. हे म्हणाले, “शोभा, आपल्या घरात आता टोपल्या सोडून सगळं आहे.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चांगला पाय उचलून आत गेले.

दोन दिवस दुकानाला सुट्टी झाली आणि मग तळेगावच्या बाजाराचा दिवस उजाडला. टेम्पो दाराशी, माल दुकानात, दुकानाला शटर, शटरला कुलूप. आणि किल्ल्यांची टोपली जागेवर नाही!

“आई!!”

“कालपरवाच कोनाले तरी धाडली बाप्पा. खाली पेपर होता, त्याच्यावर ठेवलं सारं.”

“कोणाला?”

“आता टोपल्या काय नाव सांगून जातेत?”

मी पायात चपला न घालता समोरचं दार बडवलं. अर्पित ब्रश तोंडात घेऊन आला.

“टोपली! मेरी माँ की टोपली!”

“आप दादी की बेटी हो?” त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “सच में?”

“क्यों, लगती नहीं?”

“नहीं, मतलब... दादी तो बहुत मीठा बोलती हैं.”

टोपली त्याच्याकडे होती, पण किल्ली नव्हती. ती रिकामी आहे हे लक्षात येताच तो घाबरून आत पळाला आणि उरलीसुरली चार संत्री टाकून घेऊन आला. मी कोणाचं फुकट घेत नाही. पण ब्रश तोंडात असलेल्या माणसाशी किती वाद घालणार?

खाली बोबडेकाका. पार्किंगवरून माझं त्यांचं असं भांडण झालेलं होतं की अख्ख्या कॉलनीनं गॅलरीत उभं राहून ऐकलं. दार उघडताच म्हणाले, “काढतो गाडी, काढतो.”

“गाडी नाही काका. टोपली.”

“आजीची?” त्यांचा चेहराच बदलला. “मग आत या ना!”

काकू गेल्यापासून त्यांच्या घरात मी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टेबलावर टोपली, टोपलीत एक मोठं कोहळं, आणि त्याच्या बाजूनं बसवलेला कढीपत्ता, फुलासारखा.

“काय घालावं हाच प्रश्न पडतो बघा,” ते म्हणाले. “मी आपला खिचडी खाऊन पडून राहत होतो. आता टोपली आली की बाजारात जावंच लागतं. काल हे कोहळं मिळालं. आजीला चालेल ना?”

माझ्या तोंडात शटर, कुलूप, टेम्पो असं बरंच काही होतं. मी म्हटलं, “चालेल.” आणि चहा घेतला. बशीत ओतून, दोनदा.

संत्री, कोहळं आणि कढीपत्ता सांभाळत वर लिसी सिस्टरकडे गेले. ती ड्युटीवरून आलेली, डोळे लाल.

“चावी? हां, होता! पेपरखाली चावी होता. मी विचार केला, आजीचं काही सिस्टिम असेल. तसाच ठेवला, वर वेफर्स घातला, परत दिला.”

परत दिला! म्हणजे किल्ल्या घरातच होत्या. मी खाली धावले. वेफर्सचा डबा, माझ्याच दुकानातला, हवाबंद, पारदर्शक, ज्याबद्दल मी स्वतः गिऱ्हाइकांना ‘आतलं सगळं दिसतं ताई’ असं सांगते, त्या डब्याच्या तळाशी सगळ्या किल्ल्या वेफर्सना टेकून बसल्या होत्या. टोपली ओतताना पेपरासकट आत गेल्या.

“मी बघितल्या होत्या,” हे आतून म्हणाले. “मला वाटलं, तू सुरक्षित ठेवल्यास.”

बाजार बुडाला. टेम्पो परत पाठवला. आणि मग माझा आवाज चढला. टोपल्या बंद! वानोळा बंद! माझं घर म्हणजे धर्मशाळा नाही! टोपल्या फळीवर राहतील, फळीवरच मरतील!

आई उठली, उशाखालची लुगडी काढली, एक जमिनीवर पसरलं आणि त्यात आपली फणी ठेवली.

“हे काय करतेस?”

“बोचकं बांधतो.”

“का? मी टोपल्यांबद्दल बोलले. तुला काही बोलले का?”

“टोपल्या बंद तं मी खाऊ काय?”

“म्हणजे? घरात एवढं...”

“ते तुह्या घरचं.” ती लुगड्याची टोकं ओढत होती. “मी तुह्या घरचं काई खातच नाई शोभे. भाजी बोबडेभाऊची, फळ डाक्टरचं, सकाळी त्या सिस्टरच्या इडल्या. माह्या सांडग्याच्या, माह्या मिरचीच्या बदल्यात आलेलं. मी टोपलीचं खातो. म्हून तं राह्यलो.”

मला आठवलं. पोळी माझ्याकडची असे, पण ती दोनच घास मोडी आणि बाकी शेंगांची भाजी नुसती खाई. मला वाटायचं, दात नाहीत म्हणून.

“आणि डाळ?” मी विचारलं. “ते बोचकं?”

“यमुनाबाईले देल्ली. तू बिचारीचा भाव मारला. फुकटात पडलेली टोपली घरात ठेवू नाई, घराले लागते.”

म्हणजे जो सौदा मी जिंकले म्हणून गावभर सांगत होते, त्याची भरपाई माझ्या पाठीमागे होऊन गेली होती. गोल टोपल्यासुद्धा तिथंच पोत्यावर बसून, सुपारीवर ठरलेल्या! मी खाली बसले. सायकलवर बादल्या विकत होते तेव्हा भर उन्हात लोक पाणी विचारायचे, चहा विचारायचे. बादली घेतल्याशिवाय मी कोणाचा चहा घेतला नाही. मला वाटायचं, हा ताठा माझा स्वतःचा आहे, मी कमावलेला. तोही वानोळ्यातच आलेला निघाला.

मी लुगड्यातली फणी उचलली आणि कपाटावर ठेवली. आईनं परत घेतली. मी परत ठेवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी म्हटलं, “फळीला मापं नीट बसत नाहीत. आणखी टोपल्या लागतील.”

“गोल?”

“...गोल.”

पुढच्या बाजाराला मी रस्ता ओलांडून गेले, भाव विचारला आणि सवयीनं अर्धा म्हटला. यमुनाबाईनं वरही बघितलं नाही. “डाळ आनली का?” म्हणाली. मी पूर्ण भाव दिला! समोरच्या माझ्याच पालातला माझाच माणूस ते बघत होता.

आईनं ती लुगडी फाडली. सरळ उभी फाडली, आणि टोपल्यांना आतून अस्तर शिवलं, सिस्टरच्या वेफर्सचं तेल लागू नये म्हणून. आता बांधायला तिच्याकडे कापडच नाही. मी तिला सुईत दोरा ओवून दिला.

तरी माझी तक्रार कायम आहे. मी घर आवरायला टोपल्या आणल्या. आज माझ्या हॉलमध्ये दोन कोहळी, एक फणस आणि अनोळखी माणसाची छत्री आहे. बोबडेकाका माझ्या जागेवर गाडी लावतात आणि मला बोलता येत नाही, कारण त्यांची टोपली आमच्याकडे असते. काल द्यायला घरचं असं काही नव्हतं म्हणून मी अर्पितच्या टोपलीत दुकानातली नवी कोरी चाळणी ठेवली, तर आईनं ती चिमटीत धरून बाहेर काढली. माझा बुडालेला बाजार, माझा मोडलेला भाव आणि माझ्या चौकोनी टोपल्या, यांचा जाब मला कोणीतरी द्यायलाच पाहिजे! आई देवो, यमुनाबाई देवो, नाही तर त्या व्हिडिओतली गोरी बाई देवो. मी संध्याकाळी घरीच असते. फक्त जाब द्यायला येताना रिकाम्या हातानं येऊ नका. घर रिकामं होतं.